त्वरेने जाणे व सावकाश राहणे



आमचे मलकापूर हे वाटेवरचे गाव आहे. मुंबईहून नागपुरास जाणारी आगगाडी येथे थांबते, व सुरतेकडून वऱ्हाडात येणारा मोठा रस्ताही येथूनच जातो. यामुळे येथील मंडळीस पाहुण्यांची वाण कधी पडली नाही. परंतु पूर्णा नदी ओलांडून जळगाव जामोदच्या पलीकडे गेले म्हणजे सातपुड्याचे डोंगर लागतात. तेथे कोरकू, भिलाला, पावरा अशा लोकांच्या वस्त्या आहेत. पावसाळ्यात नाले भरून आले की कित्येक वस्त्यांची वाट बंद होते, आणि दुखणाईतास झोळीत घालून खांद्यावर खाली आणावे लागते.

काही दिवसांपूर्वी आमच्या भगिनीमंडळात विमानाने सेवा करणाऱ्या मिशनाविषयी माहिती वाचण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी हे काम १९४५ साली अमेरिकेत आरंभिले, आणि त्याचे पहिले उड्डाण १९४६ साली एका भगिनीने, बेटी ग्रीन हिने, मेक्सिको देशाकडे केले. पुढे न्यू गिनीच्या डोंगरांत व ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये हीच लहान विमाने तेथील मूळच्या लोकांच्या मंडळ्यांकडे जाऊ लागली. हे ऐकून आमच्या एका बहिणीने म्हटले, “पाळकसाहेब, आपल्यापाशी असे विमान असते तर डोंगरातल्या बायांना महिन्याच्या महिन्याला भेटून दिवे लागायच्या आत घरी आलो असतो.”

तिचा हेतू चांगला होता. तथापि तिच्या बोलण्यातील शेवटचे शब्द आमच्या मनात राहून गेले. घरी लवकर येता यावे म्हणून आपण लवकर जाऊ इच्छितो काय? आणि अशा भेटीस भेट म्हणावे काय?

विमानाची निंदा करण्याचा आमचा विचार नाही. प्रसूतीत अडलेल्या स्त्रीस जे वाहन तासाभरात डॉक्टरांपाशी नेते ते देवाचे दानच होय. परंतु त्या लहान विमानाचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात पाचसहा माणसांपुरतीच जागा असते, म्हणून चढण्यापूर्वी प्रत्येक माणूस व प्रत्येक गाठोडे तराजूवर तोलतात. पुस्तकांची एक पेटी अधिक घेतली तर कदाचित एका बहिणीस मागे राहावे लागेल. शिवाय रानातील धावपट्टीवर दिवे नसतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी वैमानिकास निघावेच लागते. सारांश, कोणी जावे, काय न्यावे व किती वेळ थांबावे, हे तीनही प्रश्न ते वाहन आपणांपुढे उघड मांडते. जीपगाडी ते मांडीत नाही. म्हणून आम्ही ते स्वतःस कधी विचारले नाहीत.

याविषयी आमचाच एक अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे जीपने डोंगरातील एका वस्तीवर गेलो. दहा वाजता पोहोचलो. स्त्रिया कापसाच्या वेचणीची मजुरी बुडवून सकाळपासून बसल्या होत्या. आम्ही गीते गाइली, प्रभूमध्ये आनंद करण्याविषयी उपदेश केला, प्रार्थना केली, त्यांनी रांधलेले जेवलो, आणि तीन वाजता निघालो. भेट फार आशीर्वादाची झाली असे वाटेत एकमेकांस सांगितले. पुढे दोन आठवड्यांनी तेथील उपदेशक बाजारास खाली आले तेव्हा कळले की ज्या अंगणात आम्ही आनंदाविषयी बोललो त्याच्या शेजारच्या घरची सून आठच दिवसांपूर्वी बाळंतपणात वारली होती. तिची सासू शेवटच्या रांगेत बसली होती. “तुम्ही आम्हांस का सांगितले नाही?” असे आम्ही विचारले. उपदेशक नम्रपणे म्हणाले, “साहेब, आपण विचारलं नाही.”

आम्ही त्या सासूचे जेवण जेवलो, पण तिचे दुःख जेवलो नाही. त्या दिवसापासून लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आम्ही निराळ्या रीतीने वाचतो. तेथे मरीया डोंगराळ प्रदेशातील एका गावी अलीशिबेस भेटावयास जाते. शास्त्र सांगते की ती त्वरेने गेली. परंतु तेच शास्त्र हेही सांगते की ती सुमारे तीन महिने राहिली. त्वरा जाण्यात होती, राहण्यात नव्हती. आणि त्या घरात आशीर्वादाचे बोल प्रथम कोणाच्या मुखातून निघाले? पाहुणीच्या नव्हे, तर डोंगरात राहणाऱ्या त्या वृद्ध स्त्रीच्या. मरीयेचे स्तोत्र त्यानंतर आले.

पूर्वीच्या काळी ही गोष्ट वाटच शिकवीत असे. मिस सिंथिया फरार १८२७ साली शिडाच्या जहाजाने मुंबईस आल्या व १८६२ साली अहमदनगरास निवर्तल्या. इतक्या दूर येऊन कोणी चार दिवसांनी परत जात नसे. बैलबंडीने वस्तीवर गेलेल्या बायबलबाईसही बैल थकले म्हणून रात्र तेथेच काढावी लागे, आणि स्त्रिया आपले मन रात्रीच चुलीपाशी उघडीत. तिचा मुक्काम तिच्या सद्गुणाने नव्हे, तर बैलांच्या थकव्याने होत असे. आता वाहन थकत नाही. म्हणून जो मुक्काम पूर्वी वाट करावयास लावी, तो आता आपणांस आपल्या इच्छेने करावा लागेल. आमच्या मते वेगाने आपणांवर घातलेले नवे कर्तव्य ते हेच.

कोणी म्हणेल, “गरीब बाईच्या घरी चार दिवस पाहुणे राहिले तर ते तिला ओझेच होणार.” ही शंका खरी आहे. जो पाहुणा खाटेवर बसून कोंबडी कापली जाण्याची वाट पाहतो, त्याने तासाभरातच परतावे हे बरे. परंतु मरीया गेली तेव्हा अलीशिबेस सहावा महिना होता. अशा घरी तीन महिने राहिलेल्या मुलीने पाणी भरले नसेल, दळले नसेल, असे आम्हांस वाटत नाही. आपले पीठ आपण न्यावे, आणि भाकरी थापावयास त्यांच्याबरोबर बसावे.

आणखी एक गोष्ट. आर्नहेम लँडच्या एल्को बेटावर गालिविंकू म्हणून गाव आहे. तेथील मूळच्या लोकांच्या मंडळीत १९७९ साली मोठी जागृती झाली, तेव्हा तेच लोक ती वार्ता घेऊन दूरदूरच्या आपल्या भाऊबंदांकडे गेले. म्हणजे ज्यांस आपण भेटावयाचे लोक समजतो, ते स्वतः भेट देणारेही आहेत. पौलानेही रोमकरांस लिहिले की, आपणा उभयतांस एकमेकांच्या विश्वासाने धीर मिळावा. तो प्रेषित असूनही घेण्याची अपेक्षा ठेवून जात होता.

म्हणून आमच्या उपदेशकांस व भगिनीमंडळांस तीन गोष्टी सुचवितो. वस्तीवर गेल्यावर उपदेशापूर्वी विचारा की, मागील भेटीपासून येथे कोण जन्मले, कोण वारले, कोण आजारी आहे. कोरकू भाषा मराठीहून अगदी निराळी आहे, तेव्हा दुभाष्यास शेवटच्या रांगेपर्यंत न्या. निदान एक रात्र राहा. आणि परत येताना गाडीत एक जागा रिकामी ठेवा, म्हणजे डोंगरातील एक बहीण आपल्याबरोबर खाली येईल व आमच्या मंडळीपुढे बोलेल.

त्या सासूबाईंस आम्ही पुढे भेटलो. या खेपेस आम्ही उपदेश केला नाही. त्या बोलल्या, आम्ही ऐकले, आणि अंधार पडला तरी उठलो नाही.