समोर कोणी नसताना

"जिंकलं म्हणजे जिंकलं, मामा. 13 सप्टेंबर 1931 ला ब्रिटनचा वैमानिक बूथमन इंग्लंडच्या सोलेंट सामुद्रधुनीवरून ताशी 547 किलोमीटरनं उडाला. सागरी विमानांच्या शर्यतीत ब्रिटनचा हा सलग तिसरा विजय, म्हणून श्नायडर करंडक कायमचा त्यांचा. पाच वर्षांत तीनदा जिंका नि घेऊन जा, हा नियमच होता."

"उडाला, पण एकटा. 1924 साल आठव. अमेरिका आदल्या वर्षी जिंकलेली. ब्रिटन-इटलीची विमानं येऊ शकली नाहीत. अमेरिकेनं एकटीनं फेऱ्या मारल्या असत्या तरी विजय धरला गेला असता. त्यांनी शर्यतच रद्द केली. पुढच्या वर्षी तेच जिंकले. म्हणजे नाहीतर करंडक 1925 लाच गेला असता."

"तो मोठेपणा. दाखवला नाही म्हणून कोणी दोषी ठरत नाही."

"पण त्या मोठेपणावर पुढे कोण उभं राहिलं, बघ. 1925 ला बाल्टिमोरला ब्रिटिश अभियंता मिचेलचं एस. 4 विमान शर्यतीआधीच पाण्यात कोसळलं. करंडक तेव्हाच अमेरिकेला गेला असता तर एस. 5, एस. 6 कशासाठी बनली असती? रोल्स-रॉइसचं आर इंजिन? स्पिटफायर घडवणारा मिचेल वेगाबद्दल जे शिकला, ते या शर्यतींत. अमेरिका थांबली म्हणून ब्रिटनला संधी मिळाली. आणि 1931 ला फ्रान्स-इटलीनं मुदत मागितली तेव्हा ब्रिटन थांबला नाही. मला हे टोचतं."

"थांबायचं कशाच्या जोरावर? सरकारनं हात आखडता घेतलेला. लेडी ह्यूस्टननं एक लाख पौंड दिले म्हणून विमानं उडाली. आणि बूथमन काही रमतगमत गेला नाही. समोर घड्याळ होतंच."

"घड्याळाशी झुंजायला शर्यत कशाला? ते विक्रमाचं काम. त्याच महिन्यात ब्रिटनच्याच स्टेनफोर्थनं ताशी 650 ओलांडलेच की. इटलीचं एम. सी. 72 वेळेत तयार झालं नाही. 1934 ला आजेल्लोनं ते गार्डा सरोवरावर ताशी 709 नं उडवलं. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांत तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. बूथमनचं विमान आणि एम. सी. 72 एकदा तरी समोरासमोर यायला हवी होती."

"आणि माणसं? त्या वर्षी तयारीतच तिन्ही देशांचे वैमानिक गेले. इटलीचा मोंटी त्याच एम. सी. 72 मध्ये. मुदत दिली असती तर आणखी चाचण्या, आणखी अपघात. शर्यत संपली हेच बरं झालं."

"वैमानिक वाचवायचे होते, तर बूथमनलाही उडवायला नको होतं."