पायाखालचं पाणी

पाठ टेकून बसा. बाहेर कोलोरॅडोतली जानेवारीची संध्याकाळ आहे. एस्टेस पार्कजवळ, सुमारे 2,300 मीटर उंचीवर, तुमचा राहता ट्रेलर बर्फात उभा आहे. पारा शून्याखाली चाललाय. घाई करू नका. मनानंच पाण्याच्या मागोमाग चला.

ताज्या पाण्याची टाकी तुमच्या पायाखालीच आहे. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली नको. पण मोठा साठा सहज गोठत नाही. आधी गोठतं ते नळीत अडकलेलं घोटभर पाणी. टाकी भरून झाल्यावर होज काढलात ना? झटकून, निथळून, गुंडाळून ठेवलात?

आता श्वास सोडा आणि कानोसा घ्या. ट्रेलर तापवणारी गॅसची भट्टी चालू होतेय. तिची गरम हवा खोलीत येते, आणि बऱ्याच ट्रेलरमध्ये तिचाच एक फाटा खाली, टाक्यांच्या पोटाशी जातो. इथंच बहुतेकांची फसगत होते. गॅस वाचावा म्हणून आपण छोटा विजेचा हीटर लावतो, खोली छान उबते, भट्टीला वाटतं काम झालं, ती गप्प बसते. आपण पांघरुणात आणि टाक्या गारठ्यात. तो हीटर आज बंद करा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका, म्हणजे आतल्या पाइपांनाही ऊब लागेल.

आता मागच्या बाजूला, सांडपाण्याच्या झडपेपाशी या. इथं जरा रेंगाळा. झडप उघडी ठेवली की पाणी थेंबाथेंबानं झिरपतं, बाहेरच्या पाइपात एकावर एक थर धरतं आणि पहाटेपर्यंत पाइप आतून गच्च. म्हणून झडप बंदच. सांडपाण्याच्या टाक्यांत थोडं गुलाबी अँटिफ्रीझ ओतून ठेवा: प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, ट्रेलरसाठीच मिळतं ते. मोटारीच्या रेडिएटरमधलं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, आणि ते विषारी. त्याला हात लावू नका.

अजून कुठं पाणी उरलंय? सावकाश आठवा. मी एका वर्षी सगळं केलं आणि बाहेरच्या भिंतीतला शॉवर विसरलो. पाय धुवायचा तो, उन्हाळ्यातला. सकाळी छोटं दार उघडलं तर प्लॅस्टिकचा नळ उभा चिरलेला, आणि चिरेतून बर्फाची पातळ जीभ बाहेर आलेली. बर्फ होता तोवर गळत नव्हतं. दुपारी ऊन पडलं आणि मग कळलं.

तर त्या छोट्या दारापाशीही एकदा जाऊन या. टॉर्च घ्या. नळ उघडून पाहा.

आत आलात की पातेल्यात सकाळच्या चहापुरतं पाणी काढून ठेवा. वर झाकण.