पाहुण्याने किती जागा घ्यावी?

सुट्टी म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर अलीकडे जाहिरातींनीच देऊन टाकलं आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन माडांना बांधलेली झोळी आणि तिच्यात पहुडलेला एक माणूस. चित्रात दुसरं कोणी नसतं. झोळी कोणी बांधली, नारळ कोणी सोलला, बेट कोणाचं, हे चित्र सांगत नाही. प्रश्न असा आहे की, दुसऱ्याच्या घराला आपण आपल्या विसाव्याची जागा केव्हा बनवू शकतो?

गोंदियाजवळचं बिरसी हे गाव समुद्रापासून शेकडो कोस दूर. हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. पण बिरसीला धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. 2005 मध्ये ती विमानतळ प्राधिकरणाकडे आली. 2022 मध्ये इथून प्रवासी विमान उडालं आणि 2023 च्या डिसेंबरात हैदराबादची सेवा सुरू झाली. धानाच्या बांधावरून बेटावर जाण्याची वाट अशी खुली झाली. मात्र विमानतळ वाढवताना गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. एकाच्या प्रवासासाठी दुसऱ्याने जागा सोडायची, हा व्यवहार बिरसीला नवा नाही.

विसावा ही चैन आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. चिखलात वाकून रोवणी करणारी बाई, एप्रिल-मेच्या उन्हात तेंदूपानं तोडणारा मजूर, राईस मिलमध्ये पोती वाहणारा हमाल, यांना विसाव्याची गरज सर्वांत जास्त. पण तो मिळतो सर्वांत कमी. शरीराचाही माणसावर हक्क असतो, ही शिकवण पैगंबरांनी दिली आहे. तेव्हा चार दिवस समुद्राकाठी काही न करता पडून राहावंसं वाटलं, तर त्यात पाप काहीच नाही. पाप असलंच तर ते विसाव्यात नाही, ज्याच्या दारात आपण विसावतो त्याला विसरण्यात आहे.

लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. साऱ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर. वस्तीची बेटं दहा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473. त्यात बहुसंख्य मुस्लिम. मासेमारी आणि नारळ हा जगण्याचा आधार. तिथे नदी नाही. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळसा थर तरंगतो, त्यावर विहिरी चालतात. उपसा वाढला की खारं पाणी वर येतं. म्हणूनच 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला; त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. अशा जागी पाहुण्याची दोन वेळची आंघोळ हा केवळ त्याचा खासगी मामला राहत नाही.

2021 मध्ये बेटांच्या विकासासाठी नव्या नियमावलीचा मसुदा आला. विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार त्यात प्रशासनाला दिलेले होते. त्या वर्षी 7 जूनला बेटावरच्या लोकांनी बारा तासांचं उपोषण केलं. त्यांचं भांडण पर्यटकांशी नव्हतं. आमच्या जमिनीचं काय करायचं ते आम्हाला विचारून ठरवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांची तिथली छायाचित्रं प्रसिद्ध झाली आणि देशभर लक्षद्वीपची चौकशी सुरू झाली. तिथे विहिरींना पाणी किती, ही चौकशी फारशा कोणी केली नाही.

कोणी म्हणेल, पर्यटनाने रोजगार येतो. हे खरं आहे. मालदीवने 1972 मध्ये पर्यटनाचं दार उघडलं आणि त्या देशाची गरिबी बरीच हटली. पण तिथे दीर्घ काळ पर्यटकांची बेटं वेगळी आणि रहिवाशांची वेगळी होती. स्थानिक माणूस रिसॉर्टवर जायचा तो मुख्यतः नोकर म्हणून. 2009 नंतर वस्तीच्या बेटांवर घरगुती पाहुणघरं निघू लागली, तेव्हा कुठे तो आपल्याच घरात यजमान झाला. पगार दोन्हीकडे मिळतो, पण दार उघडायचं की नाही हे यजमानच ठरवू शकतो, नोकर नाही.

याच मालदीवमध्ये 1343 च्या सुमारास इब्न बतूता आला होता. तिथे तो काझी झाला. बायकांनी अंगभर कपडे घालावेत असा हुकूम त्याने काढला, आणि तो काही चालला नाही, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. आजचा पर्यटक नेमकी उलट तक्रार करतो: इथे दारू का नाही, पोहण्याच्या कपड्यांवर बंधन का? दोघांचं म्हणणं वरवर विरुद्ध, आतून एकच. आम्ही आलो आहोत, आता बेटाने आमच्यासारखं व्हावं.

आपल्याकडे मेहमाननवाजीची थोरवी फार गायली जाते. मेहमानाच्या कर्तव्यांबद्दल मात्र आपण गप्प असतो. हदीसमध्ये पाहुणचाराला तीन दिवसांची मर्यादा सांगितली आहे, आणि यजमान अडचणीत येईल इतकं राहू नये असंही बजावलं आहे. पर्यटनाची सारी नीती यातून काढता येईल. यजमानाला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याच्या मुलांच्या वाट्याचं पाणी आपल्या बादलीत येता कामा नये. पैसे मोजले म्हणजे या दोन्ही अटी सुटल्या, असं होत नाही. पैशाने खोली मिळते, विहीर मिळत नाही.

म्हणून बिरसीहून उडणाऱ्या माणसावर दोन यजमानांचं देणं आहे. एक, जिथे तो उतरेल ते बेट. दुसरं, ज्याच्या जमिनीवरून त्याचं विमान धावलं ते गाव. त्या गावातल्या माणसाला त्याचा मोबदला, त्याचं घर आणि आठवड्यातून एक दिवस निवांतपणे बसायला तलावाची पाळ मिळाली का, हा प्रश्न सुटीच्या हिशेबात धरायला हवा.