निदण आणि परका

शास्त्रपाठ : मत्तय 13:24-30; लेवीय 19:33-34



पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही काही जण सिकंदराबादच्या आमच्या मंदिराच्या आवारातील गाजरगवत काढीत होतो. रविवारच्या शाळेतील एका मुलाने विचारले, "हे परदेशी म्हणून काढता ना? मग आपले सीताफळ का ठेवता?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही.

मुलाचे म्हणणे खरे होते. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. 1950 च्या दशकात ते पुण्यात लोकांच्या नजरेत आले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सांगतात. आमचे तेलुगू शेजारी त्याला 'वय्यारिभामा' म्हणतात. त्याने अंगाला खाज सुटते, दमा वाढतो, पिकाचे नुकसान होते. पण सीताफळ, मिरची, बटाटा हीही त्याच खंडातून आली आणि आपल्या ताटात बसली. इतकेच नव्हे, तर हे गवत खाणारा भुंगेराही मेक्सिकोतून आणून 1984 मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. गवत त्याने संपले नाही, पण परक्याला आवर घालायला परकाच कामी आला. तेव्हा झाड कोठून आले हे न पाहता ते काय फळ देते हे पाहावे, हीच प्रभूची शिकवण आहे.

मुलाच्या प्रश्नाने आम्हांला एक मागचा बाक आठवला. एक नवे कुटुंब उपासनेला येऊन तेथे बसत असे. त्यांची मराठी मोडकी होती. "ही आपल्यातली नव्हेत," असे आमच्यातच कुजबुजले गेले. कोणी त्यांच्या घरी गेले नाही. हळूहळू ती माणसे येईनाशी झाली. आमचे वाडवडीलही पोटासाठी परमुलखातून या शहरात आले होते, याचा आम्हांला विसर पडला!

दाखल्यातील चाकरांना निदण उपटण्याची घाई होती. धन्याने त्यांना थांबविले, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, हे तो जाणून होता. बंधुजनहो, गाजरगवत जरूर उपटा. हात झाकून, फुलावर येण्यापूर्वी उपटा. परंतु माणसांच्या शेतात खुरपे आपल्या हाती दिलेले नाही. मवाबी रूथला बेथलेहेमकरांनी परकी म्हणून घालवून दिले असते, तर दाविदाचे घराणे कोठून आले असते?

गेल्या आठवड्यात आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो व क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. येण्याविषयी मात्र काही बोलले नाहीत. त्यांचा बाक आम्ही मोकळा ठेवला आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना विनंती, की हा पाठ मुलांना शिकवताना आपल्या मंडळीतही असा एखादा बाक रिकामा झाला आहे काय, हे आधी पाहावे.

प्रभू आम्हांला फळ ओळखण्याची दृष्टी व कापणीपर्यंत थांबण्याचा धीर देवो. आमेन.