निवलेला राग

भाची : आत्या, वॉर्डात एका पेशंटच्या मुलानं आमच्यातल्या एका नर्सच्या कानाखाली मारली. मेट्रन तिला म्हणाल्या, ‘बिचारा घाबरला होता, समजून घे.’ तिनं घेतलं. आता म्हणते, तक्रार कशाला?

आत्या : राग गिळला, की निवला? ग्रॉस आणि लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये लोकांना किळसवाणी फिल्म दाखवली. चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्यांची किळस कमी झाली नाही. उलट शरीरावरचा ताण वाढला.

भाची : निवला, हीच तर अडचण! गिळला असता तर कधीतरी बाहेर पडला असता. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं की भावनाच ओसरते, हेही ग्रॉसच सांगतो. मग दाद मागणार कोण? मारणारा मोकळा, आणि मन आवरायचं जिनं मार खाल्ला तिनं!

आत्या : खरं आहे. मार खाणाऱ्यालाच ‘समजून घे’ म्हणतात, तेव्हा मलाही चीड येते. पण महाड आठव. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. त्यांच्यात लष्करात राहिलेली माणसं होती, उलट मारायची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं.

भाची : म्हणजे शांतच केलं ना?

आत्या : हात आवरायला लावले. झालं ते किरकोळ आहे, असं नाही सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाड, २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन. तळ्याचा दावा हायकोर्टात जिंकायला १९३७ उजाडलं. नुसत्या संतापावर इतकी वर्षं कुणी लढू शकत नाही.

भाची : पण संताप नसता, तर तळ्यापर्यंत तरी कोण गेलं असतं?

आत्या : कुणीच नाही. म्हणून मला कळायला हवं, की शांत होताना तिनं काय काय मान्य केलं. तो घाबरला होता, ठीक. म्हणून मारलं तर चालतं, हेही तिच्या गळी उतरलं का?

भाची : त्यावर ती बोलतच नाही.

आत्या : मग तेवढंच विचार. तिला पुन्हा पेटवायला जाऊ नकोस.

भाची : आणि तरी नकोच म्हणाली तर? माझा राग अजून निवलेला नाही.

आत्या : तिच्या वतीनं तू बोलू नकोस, तो तिचा हक्क. पण तू तिथं होतीस. उद्या हाच हात दुसरीवर उठेल, आणि त्या दुसरीनं कुणालाच माफ केलेलं नाही. तू पाहिलंस तेवढं तुझ्या नावानं लिही, तारीख-वेळ घालून, आणि त्याची पोच घे.