आयर्विनला किती?

जुलैत कोयनेच्या पाणलोटात पावसानं जोर धरला की सांगलीत दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, ‘आयर्विनला किती?’ १९२९ च्या या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण त्याहून कामाचा आकडा कुठल्याच फलकावर नसतो, तो ज्याच्या त्याच्या उंबऱ्याचा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं. आणखी कुणाच्या दारात ते पन्नाशी ओलांडल्याशिवाय येत नाही. जुना सांगलीकर पुलावरचा आकडा ऐकतो, त्याच्याशी आपल्या घराचा आकडा ताडून बघतो आणि मग ठरवतो, धान्याची पोती माळ्यावर चढवायची की जेवून झोपायचं.

उद्याची चिंता सोडा, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. सातारा जिल्ह्यात तर एकीकडे सज्जनगड आहे, दुसरीकडे गोंदवले. तिथे जाऊन पुष्कळांना शांत झोप लागते आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण पूररेषेच्या आत राहणाऱ्याला ‘चिंता करू नका’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. त्याची चिंता खरीच आहे. नाहक आहे ती ३० फुटांना ५५ फुटांची धास्ती घेऊन रात्र जागवणं. तो फरक ओळखायला वैराग्य लागत नाही, साधी वजाबाकी पुरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही वजाबाकी चुकली, आणि चुकली ती उलट्या बाजूनं. २००५ साली पाणी जवळपास ५४ फुटांपर्यंत चढलं होतं. तेव्हाच्या खुणा लोकांच्या डोक्यात पक्क्या होत्या. ‘पाचच्या पुरात इथं आलं नव्हतं, आता काय येतंय’ म्हणत अनेक कुटुंबं घरातच थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट ८ ऑगस्टला उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. निर्धास्त माणूस आणि धास्तावलेला माणूस यांना आपण दोन टोकांना बसवतो. मला ते सख्खे शेजारी वाटतात, कारण आज, आत्ता पाणी कुठवर आलंय हे दोघंही बघत नाहीत.

भूकंपाचं तसं नाही, त्याला इशारा पातळीच नसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. सुमारे १८० माणसं गेली, कोयना धरणाच्या भिंतीला वरच्या अंगाला तडे पडले. पानशेत धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्यामुळे ‘कोयना फुटली तर?’ हा प्रश्न कुणी भित्रेपणात जमा करू नये. धरण फुटलं नाही. तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर मात्र ते अडाणीपणाचं ठरलं असतं. तडे बुजवले, भिंतीला मागून काँक्रीटचा आधार दिला. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर या शतकात झालं. पुढचा मोठा धक्का कधी बसेल, हे आजही कुणी सांगू शकत नाही. तारीख माहीत नसताना करता येण्याजोगं जे होतं, ते केलं गेलं.

भीती मान्य करून काम करायची अशीच रीत सांगलीजवळ हरिपुरातही आहे. तिथे हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच बाद केली. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळं करून काही तास वारा लागू देतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर थांबतो. आत प्राणवायू नसेल ही भीती हमालालाही असते, पण तिच्यापायी तो धंदा सोडत नाही आणि शौर्यही गाजवत नाही.

म्हणून नाहक चिंता हा केवळ मनाचा आजार आहे असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तिचा मोठा भाग भरवशाची माहिती वेळेवर न मिळाल्यानं वाढतो. ‘कोयनेतून विसर्ग सुरू’ एवढीच ओळ फोनवर फिरते. तो विसर्ग पायथा वीजगृहातला २,१०० क्युसेकचा आहे की सहा वक्र दरवाजे उचलल्याचा, हे खाली कुठेतरी असतं किंवा नसतंच. क्युसेक म्हणजे किती, ते उंबऱ्यावर उभ्या बाईला कसं कळावं? पाणी कोयनेतून निघून कराडच्या संगमावरून सांगलीत पोचायला बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात अफवा मात्र चार वेळा गावभर फिरून येते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा वाद तर कुणाच्या घरगुती वजाबाकीत बसणाराच नाही. तो सरकारांनी, अभियंत्यांनी आणि न्यायालयांनी निकाली काढायचा आहे. त्याच्यासाठी दत्तनगरातल्या कुणी जागरण करावं असं त्यात काही नाही.

पाटबंधारे खात्यानं एवढं करावं: विसर्गाच्या प्रत्येक सूचनेत क्युसेकच्या शेजारी, आयर्विनला त्यामुळे अंदाजे किती फूट पाणी वाढेल आणि किती वाजता, हे लिहावं. पुढचा हिशेब सांगलीकर स्वतः करतील.