मूळव्याध आणि कर्माचा हिशेब

मूळव्याध म्हणजे गुदमार्गाच्या आतल्या मऊ गाद्या जागेवरून घसरणे. या गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. साधारण तीन ठिकाणी रक्तवाहिन्या, स्नायूंचे धागे आणि अस्तर मिळून त्या बनतात, आणि मळाचे दार घट्ट मिटायला मदत करतात. रोज कुंथून कुंथून त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडले की त्या खाली उतरतात, फुगतात, त्यांतून रक्त येते. पैठण तालुक्यातल्या पाचोडकडे लोक याला ‘मोड आले’ म्हणतात. घसरणीचा हा सिद्धांत डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या शल्यचिकित्सकाने 1975 मध्ये मांडला. जुन्या वैद्यकाची कल्पना वेगळी होती. ‘अर्श’ या शब्दाची फोड ‘शत्रूसारखा छळणारा’ अशी केली जाई, आणि सुश्रुताने त्याला आठ महारोगांत बसवले. शत्रू बाहेरून येतो. इथे मात्र बाहेरचे कोणीच आलेले नसते, घरचीच वस्तू जागेवरून ढळलेली असते.

तरीही दुखणे आले की पहिला प्रश्न पडतो तो ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा. पाचोडच्या या भागात त्याचे उत्तर तयार असते: मागच्या जन्मीचे भोग. घरातली म्हातारी माणसे ते सहज बोलून जातात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगेही वाटत नाही. मात्र हे उत्तर ज्या परंपरेतून आले, तिने स्वतः ते कितपत मान्य केले होते, हे पाहण्यासारखे आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा चौदावा अध्याय पूर्णपणे अर्शावर आहे. त्यात मूळव्याधीचे दोन प्रकार केले आहेत: जन्मजात आणि जन्मानंतर झालेली. जन्मजात प्रकाराची कारणे दोन दिली आहेत, आईवडिलांचे अपथ्य आणि पूर्वजन्मीचे कर्म. नंतर होणाऱ्या प्रकाराच्या कारणांची यादी मात्र लांबलचक आणि अगदी प्रापंचिक आहे. जड खाणे, उकिडवे बसणे, कठीण आसनावर बसणे, वाहनातले हादरे, शौचासारखे वेग अडवणे, जोर करून कुंथणे, बायकांच्या बाबतीत गर्भाचा दाब. रोग्यांची सगळी गर्दी या दुसऱ्या प्रकारात आहे आणि तिथे पूर्वजन्माची गरज चरकाला भासलेली नाही. कर्म त्याने नाकारले नाही, पण त्याला एका कोपऱ्यात बसवले.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. सगळे आयुष्य आधीच ठरलेले असेल तर औषध, पथ्य, मंत्र, कशालाच अर्थ उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोन्हींत जे बलवान ते दुसऱ्याला दाबते. वैद्याने असे म्हणावे यात नवल नाही, त्याचे पोटच त्यावर आहे. टिळकांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असे एक अख्खे प्रकरण लिहिले, त्यांच्यापुढची अडचणही हीच होती: कर्माचा सिद्धांत मानायचा आणि माणसाला हातपाय हलवायची मोकळीकही ठेवायची.

दासबोधाची मांडणी थोडी वेगळी. त्याचे कर्ते समर्थ रामदास शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. तिसऱ्या दशकात ते दुःखाचे तीन ताप सांगतात. देह, इंद्रिये आणि प्राण यांमुळे होणारा तो आध्यात्मिक, इतर भूतांच्या संगाने होणारा तो आधिभौतिक, आणि मेल्यावर यमाच्या हातून भोगायचा तो आधिदैविक. रोगांची लांब यादी ते पहिल्यात घालतात. पूर्वपापाशी तिचा संबंध जोडायला ते विसरत नाहीत. पण दुष्कर्माची शिक्षा अशी जी चीज आहे, तिच्यासाठी त्यांनी यमाच्या दारी स्वतंत्र खाते उघडले आहे. दुखणे आहे ते देहाच्या खात्यावर.

असाच तीन खात्यांचा हिशेब बाराव्या शतकात कैरोमध्ये एका ज्यू तत्त्वज्ञाने मांडला होता. मैमोनिडीज हा धर्मशास्त्री होता आणि वैद्यही, आणि त्याने खास मूळव्याधीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात कापाकापीविषयी तो सावध आहे, आधी आहार सुधारायला सांगतो. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या मोठ्या ग्रंथात दुःखाचे तीन वर्ग आहेत: देह नाशवंत आहे म्हणून येणारे, माणसे एकमेकांना देतात ते, आणि माणूस स्वतःवर ओढवून घेतो ते. सगळ्यात जास्त दुःखे या तिसऱ्या वर्गात येतात, असे त्याचे म्हणणे. चरकाने याला प्रज्ञापराध म्हटले असते, कळत असून वळत नाही तो अपराध.

पण इथे थांबले तर रोग्यावर अन्याय होतो. ‘तूच केलेस’ हे ‘मागच्या जन्मी केलेस’ याहून फारसे दयाळू वाक्य नव्हे. चरकाच्या सूत्रस्थानात न अडवायच्या वेगांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि मलवेग त्यातलाच एक. आता ज्या घरात शौचालय नाही किंवा असूनही पाणी नाही, तिथली बाई पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहते. पुन्हा जायला नको म्हणून दिवसभर पाणीही कमी पिते. पैठणचा नाथसागर जलाशय हाकेच्या अंतरावर असून या तालुक्यातल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकर लागतो. मळ आत सुकतो, मग कुंथावे लागते. बाळंतपणे झाली असली तर गाद्या आधीच सैल. हा प्रज्ञापराध कोणाच्या खात्यावर मांडायचा? तिच्या तर नक्कीच नाही.

राहिली लाज. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण बरोबर याच जागी बोट ठेवते. तो भाग अमंगळ, म्हणून त्याचे नाव नको, ही समजूत खोलवर आहे. गंमत अशी की गणपती अथर्वशीर्ष ज्या घरात रोज म्हटले जाते, तिथे गणपतीचा नित्य मुक्काम मूलाधारात असल्याचेही रोज म्हटले जाते. मूलाधाराची जागा योगग्रंथ गुदाजवळच दाखवतात. ‘मूळव्याध’ या शब्दातले मूळही त्याच ठिकाणचे. सतत रक्त जाणाऱ्याने पूजा करावी का, अशी शंका पुष्कळांना छळते. इस्लामच्या हनफी शास्त्राने यावर वाट काढली आहे: अशा माणसाला ‘माजूर’, म्हणजे सवलतीस पात्र, समजतात, त्याने दर नमाजाच्या वेळेसाठी वुजू, म्हणजे नमाजाआधीची शुद्धी, करावा, मधल्या रक्तस्रावाने तो मोडत नाही.

लाजेची खरी किंमत वेगळीच आहे. मूळव्याधीचे रक्त ताजे लाल असते आणि बहुधा दुखत नाही. फार दुखत असेल तर ती चीर, म्हणजे फिशर, किंवा गाठ धरलेली मूळव्याध असण्याची शक्यता मोठी. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त येते. काळपट रक्त, वजन घटणे, शौचाची सवय अचानक बदलणे, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसणे, यांतले काही असेल तर तपासणी टाळण्याचे कारण उरत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्त गेल्याने बाईचे हिमोग्लोबिन उतरते आणि अशक्तपणाचे खापर भलत्याच गोष्टीवर फुटते.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. मळ मऊ ठेवणे हा उपचाराचा पाया. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, सालासकट डाळी, भरपूर पाणी. पाचोडच्या बागेतली मोसंबी रस काढून पिण्यापेक्षा फोडींसकट खाल्ली तर तिच्यातला चोथाही पोटात जातो. इसबगोल पाण्यात ढवळला की घट्ट होण्याआधी लगेच प्यायचा आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यायचे, नुसता कोरडा गिळला तर उलटाच परिणाम. चरकाने अर्शावर ताकाची तोंड भरून स्तुती केली आहे. सुरणाला तर संस्कृतात अर्शोघ्न असेच नाव आहे. एकादशीच्या साबुदाण्यात मात्र चोथा जवळपास नसतो, त्यामुळे व्रताच्या दुसऱ्या दिवशी शौचाला कुंथावे लागले तर दोष विठ्ठलाला देऊ नये. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने सूज आणि ठणका उतरतो. संडासात मोबाइल घेऊन बसणे हे आजच्या काळातले कठीण आसन.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर मोडाच्या बुडाशी रबराचे कडे बसवतात, रक्तपुरवठा तुटून तो आठवड्याभरात गळतो. पूर्ण बाहेर आलेले, आत न जाणारे मोड शस्त्रक्रियेने काढतात. सुश्रुताने औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले होते, क्रमही साधारण तोच. महामार्गाकडेला ‘मूळव्याध, भगंदर, एका इंजेक्शनात मुळासकट’ अशा पाट्या दिसतात. तिथे अप्रशिक्षित हातांनी टोचलेल्या औषधाने मांस सडते, कधी दार इतके आकुंचन पावते की मळ काढायलाही पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. पाचोडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात साधी तपासणी काही मिनिटांत उरकते. रोग्याला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, आणि डॉक्टर मोजकेच प्रश्न विचारतो: रक्त कधीपासून, किती, कोणत्या रंगाचे. मागच्या जन्माचा प्रश्न त्यात येत नाही.